पहिल्याच वर्षी अनुभव आणायचा कुठून?

प्रश्न : मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. दुसरं सेमिस्टर, विषय संख्याशास्त्र. सिनिअर सांगतात, आत्तापासून इंटर्नशिपच्या मागे लाग, नाहीतर शेवटच्या वर्षी हात चोळत बसशील. म्हणून रिझ्युमे केला आणि साठेक कंपन्यांना ईमेलने पाठवला. दोनच उत्तरं आली. एकात 'तिसऱ्या वर्षात गेल्यावर अर्ज करा' एवढंच होतं. दुसऱ्या ठिकाणाहून लगेच 'तुमची निवड झाली' असं कळवलं, पण नोंदणी शुल्क भरायला सांगितलं. महिनाभराचं ऑनलाइन काम आणि शेवटी प्रमाणपत्र. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, असं झालंय. शुल्क भरून प्रमाणपत्र घेऊन ठेवू का? आणि हे सगळं करत बसले तर अभ्यास कधी करू?
— पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : शुल्क भरू नकोस.

जिथे खरं काम असतं तिथे पैसे काम देणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे जातात. फार तर कोणीच कोणाला काही देत नाही. ते उलटे जायला लागले की समजायचं, इथे विकायला ठेवलेली वस्तू म्हणजे प्रमाणपत्र आणि गिऱ्हाईक तू. मुलाखत नाही, कामाचा नमुना बघितला नाही, तरी 'निवड झाली', ही पहिली खूण. अशा ठिकाणी बहुधा आधीच बनवलेले व्हिडिओ, सगळ्यांना एकच प्रोजेक्ट आणि शेवटी फक्त नाव बदललेली पीडीएफ मिळते. पुढे कोणी विचारलं की नेमकं काय केलंस आणि कोणासाठी केलंस, तर बोलायला काहीच उरत नाही.

पुन्हा असं पत्र आलं तर तीन गोष्टी विचार : माझं काम कोण बघणार, शेवटी काय तयार होणार आणि ते कोण वापरणार. खऱ्या जागी याची उत्तरं मिळतात, मोडकीतोडकी का होईना. फसव्या जागी 'आधी नोंदणी करा, मग सगळं कळेल' एवढंच ऐकू येतं. आणखी दोन सापळे सांगून ठेवते. सगळी मुलाखत फक्त चॅटवर उरकायची, मग 'लॅपटॉपसाठी पैसे पाठवतो, उरलेले आम्हाला परत कर' म्हणायचं. पाठवलेली रक्कम नंतर बँकेत खोटी ठरते आणि परत केलेले पैसे तुझे गेलेले असतात. दुसरा सापळा 'चाचणी' म्हणून पूर्ण काम फुकट करून घेण्याचा. खरी चाचणी दोन-तीन तासांत होते आणि तीत बहुधा बनावट किंवा जुनी माहिती वापरलेली असते. चालू गिऱ्हाइकाचं काम चाचणी म्हणून मागत असतील तर सरळ नाही म्हण.

आता त्या साठ ईमेलांकडे येऊ. उत्तर आलं नाही याचा अर्थ तू कमी पडलीस असा काढू नकोस, त्यामागे साधा हिशेब आहे. मोठ्या कंपन्या इंटर्नशिपकडे भरतीची पहिली चाळणी म्हणून बघतात. उन्हाळ्यात बघायचं, आवडला तर वर्षभरात कामावर घ्यायचं. तू अजून दोन-तीन वर्षं मोकळी होणार नाहीस, त्यामुळे त्या चाळणीत तू बसतच नाहीस. शिवाय नवीन माणूस पहिले दोन आठवडे कामाला हातभार लावण्यापेक्षा दुसऱ्याचा वेळच जास्त खातो, आणि तो वेळ वसूल व्हायच्या आत तुझी सुट्टी संपते. 'तिसऱ्या वर्षात अर्ज करा' हे उत्तर म्हणूनच अगदी प्रामाणिक आहे. त्या माणसाला दोन ओळींत आभार मानून अर्ज कोणत्या महिन्यात सुरू होतात ते विचार आणि तारीख लिहून ठेव. साठातलं हे एकच उत्तर कामाचं होतं.

पहिल्या वर्षासाठीच ठेवलेल्या जागा जगात आहेत, पण मोजक्या. गूगलचा 'स्टेप' आणि मायक्रोसॉफ्टचा 'एक्सप्लोर' हे कार्यक्रम संगणकशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी आहेत. ब्रिटनमधल्या बँका पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना 'स्प्रिंग वीक' म्हणून साधारण आठवडाभर आत बोलावतात. पण त्याचे अर्ज आदल्या शरद ऋतूत, म्हणजे मुलं विद्यापीठात जेमतेम रुळतात तेव्हाच उघडतात. तू आत्ता शोधायला निघालीस तर त्या वर्षाचं दार बंद झालेलं असतं. काही विद्यापीठांत 'को-ऑप' पद्धत आहे. तिथे अभ्यासाचं एक सत्र, कामाचं एक सत्र असं आलटून पालटून चालतं. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी ती सुरू केली. कॅनडाचं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये सुरू झालं तेच ही पद्धत घेऊन. तुझ्या विद्यापीठात असं काही असेल तर प्लेसमेंट ऑफिसात जाऊन पात्रता कोणत्या सत्रात ठरते ते आजच विचार. नसेल तर पुढे वाच.

आधी 'अनुभव' म्हणजे काय ते ठरवू. आमच्या मते तीन गोष्टी जमल्या की झाला अनुभव : काम दुसऱ्या कोणाच्या तरी गरजेचं असावं, त्याला तारीख असावी आणि ते तपासणारं कोणीतरी असावं. कंपनीचं नाव, हुद्दा, स्टायपेंड हे सगळं त्यानंतर. या मापाने बघितलं तर डिपार्टमेंटच्या ग्रंथालयातल्या नोंदी दुरुस्त करणं हा अनुभव आहे. एकटीने ऑनलाइन कोर्स पुरा करणं हा अभ्यास आहे, तोही चांगलाच, पण त्याला अनुभव म्हणता येत नाही. पहिल्या वर्षी असं एखादं पुरं केलेलं काम हाताशी असलं की पुढच्या वर्षीचे अर्ज बऱ्यापैकी सोपे होतात.

असं काम सगळ्यात जवळ तुझ्याच विद्यापीठात आहे आणि नेमकं तिथेच मुलं विचारत नाहीत. प्राध्यापकांच्या संशोधनात फॉर्म संगणकावर चढवणं, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून लिहून काढणं, संदर्भ तपासणं, आलेख पुन्हा काढणं अशी कंटाळवाणी पण गरजेची कामं पडून असतात. ती सहसा पीएचडी करणाऱ्यांच्या गळ्यात पडतात. म्हणून प्राध्यापकांकडून होकार आला नाही तरी त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना विचार. मदतीचा हात सगळ्यात जास्त त्यांनाच हवा असतो. आणि आपल्याच विषयाच्या डिपार्टमेंटात थांबू नकोस. मानसशास्त्र, समाजशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सार्वजनिक आरोग्य अशा विभागांत माहिती भरपूर गोळा होते आणि ती हाताळणारे कमी असतात. संख्याशास्त्राची मुलगी तिथे लवकर उपयोगी पडते.

साठ जणांना एकच पत्र पाठवण्यापेक्षा सहा जण निवड. प्रत्येकाचा गेल्या दोन-तीन वर्षांतला एक लेख काढ. अख्खा वाचायची गरज नाही. सारांश, पद्धत आणि एखादा तक्ता पुरे. मग दीडशे शब्दांच्या आत लिही, साधारण असं :

> विषय : आठवड्याला ५ तास मदत – पहिलं वर्ष, संख्याशास्त्र
>
> नमस्कार मॅडम,
> मी पहिल्या वर्षात संख्याशास्त्र शिकते. विद्यार्थ्यांच्या झोपेवरचा तुमचा लेख वाचला. प्रश्नावली कशी केली तो भाग समजला, रिग्रेशनचा भाग अजून नीट समजलेला नाही. तुमच्या चालू प्रकल्पात फॉर्म भरणं, नोंदी तपासणं किंवा तक्ते करणं असं काम असेल तर पुढचे ८ आठवडे मी आठवड्याला ५ तास देऊ शकते. मंगळवार आणि गुरुवार दुपारी २ नंतर मी मोकळी असते. एक्सेल चांगलं येतं. 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये फाइल वाचून आलेख काढता येतात, त्यापुढचं शिकते आहे. सोबत एका पानाचा रिझ्युमे आणि मी साफ केलेली एक छोटी खुली फाइल जोडली आहे. आत्ता तुम्हाला गरज नसेल तर तुमच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला विचारू का?

यात काय आहे ते बघ. काम कोणतं ते तू सुचवलंस, त्यामुळे समोरच्याला विचार करायचे कष्ट नाहीत. तास आणि वार दिलेत, त्यामुळे 'ही आरंभशूर तर नाही ना' ही शंका निम्मी कमी होते. जे येत नाही ते सांगितलंस, म्हणून जे येतं त्यावर विश्वास बसतो. आणि शेवटचा प्रश्न असा आहे की 'नाही' म्हणणारा माणूसही तुला पुढच्या दारापर्यंत पोचवू शकतो. 'मला तुमच्या मार्गदर्शनाखाली कोणतीही संधी मिळाल्यास मी आभारी राहीन' या वाक्यात यातलं काहीच नाही, म्हणून ते डिलीट होतं.

उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी त्याच ईमेलला जोडून दोन ओळी लिही. एकदाच. त्यानंतरही शांतता असेल तर त्यांच्या भेटीच्या वेळेत जाऊन पाच मिनिटं उभी राहा. पेपर तपासणीच्या दिवसांत मात्र कोणालाच गाठू नकोस. बारीकसारीक चुका इथेच नडतात : ड्राइव्हची लिंक दिली पण उघडायची परवानगी दिली नाही, फाइलचं नाव 'रिझ्युमे फायनल नवीन २', एका प्राध्यापकांच्या पत्रात दुसऱ्याचं नाव तसंच राहिलं. पाठवण्यापूर्वी लिंक दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडून बघ.

होकार आला की पहिलं काम बहुधा एखादी गचाळ एक्सेल फाइल साफ करण्याचं असतं. ते हलकं समजू नकोस, नवशिक्याचा कस तिथेच लागतो. मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रत काढून तिच्यावर काम करायचं. सुरुवातीला एकूण ओळी मोजून लिहून ठेवायच्या आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा मोजायच्या, म्हणजे क्रम लावताना किंवा दोन तक्ते जोडताना ओळी गळल्या तर लगेच लक्षात येतं. मग तारखा बघायच्या. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे फाइल बघून ठरत नाही, भरणाऱ्याला विचारावं लागतं. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकांतलं पहिलं शून्य एक्सेल गिळून टाकतं, म्हणून तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून फाइल आत घ्यायची. हा दोष किती खोलवर गेला होता बघ : मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशा काही जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर केलं, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत होतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक रिकाम्या जागांची. पुष्कळ प्रश्नावल्यांत 'उत्तर दिलं नाही' यासाठी ९९ लिहितात. समज २०० फॉर्म आहेत, १९० जणांचं सरासरी वय २० आहे आणि दहा जणांच्या वयाच्या रकान्यात ९९ आहे. न बघता सरासरी काढलीस तर ती २३.९५ येते. आकडा वेडावाकडा दिसत नाही, म्हणून कोणाच्या नजरेतही येत नाही. प्रत्येक रकान्याची सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत आधी बघायची सवय लाव. दोन मिनिटांचं काम आहे आणि यातल्या निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात. शेवटी साफ केलेल्या फाइलबरोबर एक पानभर टिपण दे : काय बदललं, का बदललं, किती ओळींत बदललं आणि कुठल्या शंका अजून उघड्या आहेत. ज्यांना हे टिपण मिळतं ते पुढचं काम देताना तुलाच बोलावतात.

विद्यापीठाबाहेर बघायचं तर पाच ते तीस माणसांची ठिकाणं बघ. तिथे अर्ज वाचायला वेगळा विभाग नसतो, पत्र थेट निर्णय घेणाऱ्याच्या हातात पडतं. अडचण एवढीच की त्यांना आपल्याला काय मदत लागेल हे ठरवायलाही सवड नसते. म्हणून 'काही काम आहे का' असं न विचारता एखादं नेमकं काम घेऊन जा : देणगीदारांच्या यादीतली दुबार नावं काढणं, वर्षभराच्या तक्रारींची वर्गवारी, महिन्याचा अहवाल आपोआप तयार होईल असा तक्ता. चार आठवडे, एक काम, एक तारीख. चार आठवड्यांचं काम सांभाळून दिलं तर बारा आठवड्यांचं आपोआप विचारतात. उलट मात्र होत नाही.

दुकानातली, ग्रंथालयातली किंवा शिकवण्यांची अर्धवेळ नोकरी असेल तर तिला कमी लेखू नकोस. रोजचा हिशेब जुळवणं, चिडलेल्या माणसाशी बोलणं, वेळेवर हजर राहणं हे सगळं कामच आहे. रिझ्युमेमध्ये ती लपवणारी मुलं उगाच स्वतःचं नुकसान करून घेतात.

तिसरी वाट घरबसल्या करता येणाऱ्या खुल्या कामांची. ती सगळी सारख्या मोलाची नाहीत. 'झूनिव्हर्स'वर शास्त्रज्ञांसाठी छायाचित्रांची वर्गवारी करता येते. मजा येते, शिकायलाही मिळतं, पण तुझं काम वेगळं असं दिसत नाही, म्हणून रिझ्युमेवर त्याचं वजन कमी. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशावरचं मदतकार्याचं काम त्याहून बरं, कारण तिथे अनुभवी लोक तुझी रेखाटनं तपासून चुका दाखवतात. २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर राजधानीचा वापरता येईल असा नकाशा जगभरच्या स्वयंसेवकांनी असाच घरी बसून उभा केला होता. विकिपीडियावरच्या संपादनांचा इतिहास सगळ्यांना दिसतो, त्यामुळे सहा महिने नेटाने केलेलं काम तिथे दाखवता येतं.

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता आणि सुधारता येतो अशा सॉफ्टवेअरवर काम करणं, हा यातला सगळ्यात दमदार पण सगळ्यात जास्त मुलांना परतवून लावणारा रस्ता. असे प्रकल्प जिथे ठेवलेले असतात त्या गिटहब या संकेतस्थळावर नवशिक्यांसाठीच्या कामांवर 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल असतं. तिथे 'हे मला द्या' अशी टिप्पणी टाकून गायब होणाऱ्यांची रांग असते. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये तर त्या टी-शर्टच्या लोभाने लोकांनी इतके निरर्थक बदल पाठवले की आयोजकांना नियम बदलावे लागले. तेव्हापासून प्रकल्प सांभाळणारे लोक नवख्यांकडे जरा संशयानेच बघतात. त्यांचा विश्वास मिळवायचा क्रम असा : आधी तो प्रोग्राम स्वतःच्या संगणकावर चालवायचा, मग कोणी नोंदवलेली चूक आपल्याकडेही होते का ते बघून कोणत्या आवृत्तीवर झाली ते लिहायचं, मग माहितीपुस्तिकेतली एखादी चूक दुरुस्त करायची आणि त्यानंतर कोडला हात घालायचा. उत्तर यायला आठवडे लागतात, तेवढा धीर ठेव. नवख्यांना ओपन सोर्स प्रकल्पांत काम देणारा 'गूगल समर ऑफ कोड' हा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे. त्यात वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात आणि २०२२ पासून तो विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही, ओपन सोर्समध्ये नवीन असलेल्या कोणालाही खुला आहे. स्टायपेंड मिळतो, मध्यम प्रकल्प साधारण १७५ तासांचा असतो. अर्ज करण्याआधीच त्या प्रकल्पात छोटी कामं केलेली असली तर निवड होण्याची शक्यता खूप वाढते. म्हणजे यंदा हात घालायचा आणि पुढच्या वर्षी अर्ज करायचा.

सिनिअर ताई-दादांना विचारतेस ते चांगलंच आहे, पण रोज भेटणाऱ्यांकडे तुला माहीत असलेलीच माहिती असते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हे आकड्यांनी दाखवलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ज्या लोकांना त्यांनी विचारलं, त्यांच्यातला जेमतेम सहातला एक जण त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटत होता. बाकीच्यांच्या ओळखी अधूनमधून भेटणाऱ्या किंवा क्वचितच दिसणाऱ्या होत्या. तेव्हा दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेल्या, तुझ्या विषयातल्या पाच जणांची यादी कर आणि प्रत्येकाकडे पंधरा मिनिटं माग. काम मागू नकोस. 'तुमच्या आठवड्यातला जास्तीत जास्त वेळ कशात जातो', 'पहिल्या वर्षी काय शिकले असते तर आत्ता उपयोग झाला असता', 'आणखी कोणाशी बोलू' एवढंच विचार. पंधराव्या मिनिटाला उठ, दुसऱ्या दिवशी आभाराची ओळ पाठव आणि त्यांनी सुचवलेलं काही केलंस तर महिन्याभराने तेही कळव. त्यांना तू पुन्हा आठवावीस तर ती या शेवटच्या निरोपामुळे.

रिझ्युमे एक पान, एकच स्तंभ, पीडीएफ. दोन स्तंभ, चौकटी आणि कौशल्यांपुढचे तारे काढून टाक. अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ते धड वाचता येत नाहीत आणि 'एक्सेल पाचपैकी चार तारे' याचा माणसालाही काही बोध होत नाही. 'मेहनती', 'जिद्दी' हेही काढ. प्रत्येक कामापुढे काय केलं, किती केलं आणि त्याचा उपयोग कोणाला झाला हे लिही. 'डेटा एंट्रीचे काम केले' असं लिहिण्याऐवजी '२०० प्रश्नावल्यांच्या नोंदी तपासल्या, १४ दुबार नोंदी काढल्या, फाइल विभागाच्या अहवालासाठी वापरली गेली' असं. आकडे खरे असू देत. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांच्यावरच येतो. आणि कामाच्या जागची माहिती नमुना म्हणून कुठेही चढवू नकोस, नावं खोडूनसुद्धा नाही. तसेच रकाने असलेली बनावट फाइल तयार कर आणि तिच्यावर तुझी पद्धत दाखव.

बिनपगारी काम करावं का, हे पुष्कळ जण विचारतात. धर्मादाय संस्था, प्राध्यापकांचं संशोधन, खुले प्रकल्प यांच्यासाठी ठरावीक तास, ठरावीक आठवडे करायला हरकत नाही. पण तू केलेलं काम कंपनी गिऱ्हाइकाला विकत असेल तर तुला पैसे मिळालेच पाहिजेत, शिकाऊ असलीस तरी. आणि सुरू करण्यापूर्वीच शेवटची तारीख लेखी घे. तारीख नसलेलं फुकटचं काम संपत नाही. परदेशात विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्या वाचकांनी तर होकार देण्याआधी नियम बघावेत. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर पहिल्या शैक्षणिक वर्षात विद्यापीठाबाहेर काम करता येत नाही. ब्रिटनमध्ये पदवी शिकणाऱ्यांना सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तासांची. बिनपगारी कामही या तासांत धरलं जाऊ शकतं, तेव्हा आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारायचं.

अभ्यासाचं म्हणशील तर सत्र चालू असताना आठवड्याला आठ तासांच्या वर जाऊ नकोस, पहिलंच काम असेल तर पाच. आपल्याला वाटतं त्यापेक्षा कामाला साधारण दीडपट वेळ लागतो, पहिल्यांदा तर दुप्पट, म्हणून पाच कबूल केलेस तरी आठ मोकळे ठेव. काम घ्यायच्या दिवशीच परीक्षांच्या आणि प्रोजेक्ट द्यायच्या तारखा समोरच्याला देऊन टाक आणि त्या दोन आठवड्यांत आपण नसणार हे सांग. आधी सांगितलं तर कोणी रागावत नाही, आदल्या रात्री सांगितलं की रागावतात. विषय राहिला असेल किंवा हजेरी कमी पडत असेल तर हे सेमिस्टर सोडून दे आणि कामाची सुरुवात सुट्टीत कर. पुढे पुष्कळ ठिकाणी अर्जाला गुणांची किमान अट असते आणि तिथे अनुभव मदतीला येत नाही.

काम सुरू झालं की दर शुक्रवारी तीन ओळींचा ईमेल टाक : या आठवड्यात काय झालं, कुठे अडलंय, पुढच्या आठवड्यात काय करणार. पहिल्या वर्षाच्या मुलांची कामं बिघडतात ती बहुधा इथेच. अडलेली असते, विचारायला लाजते, दोन आठवडे गप्प राहते आणि समोरच्याला वाटतं ही सोडून गेली. अर्धा तास स्वतः डोकं लढव, मग काय काय करून बघितलं ते लिहून विचार. चूक झाली तर त्याच दिवशी सांग. उलट बाजूनेही होतं. वरच्या माणसाला सवड मिळत नाही आणि तुला काम मिळत नाही. मग दोन कामं आपणच सुचवायची आणि 'उद्यापर्यंत कळलं नाही तर पहिलं सुरू करते' असं लिहायचं.

शिफारसपत्र संपलेल्या कामाच्या आठवड्यातच माग, वर्षभराने नको. तोवर तू नेमकं काय केलंस ते तुझ्या मॅडमनाही आठवत नाही. मागताना अर्ध्या पानाची आठवण सोबत दे : कामाच्या तारखा, काय तयार केलं, कुठे चुकलं आणि कसं सुधारलं, ते आता कोण वापरतंय. लगेच पत्र लिहायला वेळ नसेल तर 'पुढे कोणी विचारलं तर तुमचं नाव देऊ का' एवढी परवानगी घे आणि ते ईमेल जपून ठेव. नाव देण्याची वेळ येईल तेव्हा आधी दोन दिवस त्यांना कळव, कुठे अर्ज केलाय आणि फोन कोणाचा येऊ शकतो ते सांग आणि तेच अर्धं पान पुन्हा जोड.